जिवासाठी जीव : संत मॅक्सिमिलियन कोल्बे



१४ ऑगस्ट हा संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचा सण. दुसऱ्याच दिवशी मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि देशाचा स्वातंत्र्यदिन असतो. मिस्सा, झेंडावंदन, मुलांचे कार्यक्रम या सगळ्या तयारीत आदला दिवस पुष्कळदा निसटून जातो. या संताचे नाव घेतले की आपल्याला एकच प्रसंग आठवतो : छळछावणीत एका संसारी माणसाच्या जागी मरायला पुढे झालेला फ्रान्सिस्कन धर्मगुरू. धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली ही गोष्ट तिथेच संपते. ती खरोखर तिथे संपली का, हे पाहण्यासाठी आम्ही आज त्यांचे चरित्र आपल्यापुढे ठेवत आहोत.

हा विचार मनात येण्याचे कारण एक पोलिश चित्रपट आहे. क्शिश्तॉफ झानुसी हे पोलंडचे नामवंत दिग्दर्शक. २०१२ साली गोव्यातील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांना जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला होता. १९९१ साली त्यांनी फादर कोल्बे यांच्यावर चित्रपट काढला. त्याच्या मूळ नावाचा अर्थ ‘जिवासाठी जीव’ असा होतो. संतावरचा चित्रपट म्हणजे जन्मापासून मरणापर्यंतची कथा, असे आपण धरून चालतो. झानुसी यांनी मात्र कॅमेरा वळवला तो छावणीतून पळालेल्या कैद्याकडे. त्याच्या पळण्यामुळे इतर दहा जणांना मरणाची शिक्षा झाली. तो सुटला, पण ही बातमी कानावर आल्यानंतर त्याने जगायचे कसे? हा प्रश्न मनात ठेवूनच आपण मूळ कथेकडे वळू या.

विणकराच्या घरातील मुलगा

८ जानेवारी १८९४ रोजी झ्दुन्स्का व्होला या गावी एका विणकराच्या घरी त्यांचा जन्म झाला. त्यांचे नाव राजमुंड ठेवण्यात आले. त्या काळी पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो आपसात वाटून घेतला होता, आणि हे गाव रशियाच्या वाट्याला आले होते. वडील युलियुस माग चालवीत. आई मारिया छोटे दुकान सांभाळी आणि सुईणीचे कामही करी. घरात पैसा बेताचाच, पण प्रार्थना नियमाने होई.

राजमुंड खोडकर होता. एकदा आईने वैतागून या मुलाचे पुढे काय होणार म्हणून चिंता व्यक्त केली. ती त्याच्या मनाला लागली. आईने पुढे जे सांगितले त्यावरून आपल्याला कळते की, त्याने मरियामातेजवळ प्रार्थना केली आणि ती त्याला दोन मुकुट घेऊन दिसली. एक पांढरा, शुद्धतेचा. दुसरा लाल, रक्तसाक्षीचा. कोणता हवा, असे तिने विचारले तेव्हा त्याने दोन्ही मागितले.

१९०७ साली तो थोरल्या भावाबरोबर ल्वूव येथील फ्रान्सिस्कन विद्यालयात दाखल झाला. १९१० साली त्याने संघाचा झगा अंगावर घेतला आणि त्याला मॅक्सिमिलियन हे नाव मिळाले. हा विद्यार्थी गणितात आणि पदार्थविज्ञानात हुशार होता. वरिष्ठांनी त्याला रोमला पाठवले. तिथे त्याने १९१५ साली तत्त्वज्ञानात आणि १९१९ साली ईशज्ञानात डॉक्टरेट मिळवली. मधल्या काळात पहिले महायुद्ध पेटले होते. पोलंडच्या स्वातंत्र्यासाठी लढायला गेलेले वडील घरी परतलेच नाहीत. रशियनांनी त्यांना फाशी दिले असे मानले जाते.

१६ ऑक्टोबर १९१७ रोजी रोममध्ये मॅक्सिमिलियन आणि त्यांचे सहा सोबती यांनी ‘निष्कलंक मातेची सेना’ स्थापन केली. २८ एप्रिल १९१८ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढच्या वर्षी ते मायदेशी परतले तेव्हा पोलंड स्वतंत्र झाला होता, पण फादरांच्या छातीत क्षयरोगाने घर केले होते. हा आजार त्यांना आयुष्यभर सोडून गेला नाही.

छापखान्याचा मठ

आजारी, हातात पैसा नाही, आवाज क्षीण. अशा धर्मगुरूने जानेवारी १९२२ मध्ये क्राकूव्ह शहरात एक मासिक सुरू केले. नाव ‘निष्कलंक मातेचा शिलेदार’. पहिल्या अंकाच्या ५,००० प्रती निघाल्या. त्याच वर्षी काम ग्रोद्नो येथे हलवले गेले. तिथे हाताने फिरवायचे एक जुने छपाईयंत्र मिळाले, आणि धर्मगुरू व ब्रदर पाळीपाळीने ते फिरवू लागले.

वर्गणीदार वाढले, जागा अपुरी पडू लागली. १९२७ साली वॉर्साच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर, तेरेसिन येथे एका उमरावाने जमीन दिली. तिथे लाकडी झोपड्यांपासून सुरुवात होऊन निएपोकालानुव उभे राहिले. या नावाचा अर्थ निष्कलंक मातेचे नगर. दहा-बारा वर्षांत तिथे सातशेहून अधिक मठवासी राहू लागले. कुणी टंकजुळारी, कुणी यंत्रदुरुस्ती करणारे, कुणी चांभार, कुणी शिंपी. त्यांचे स्वतःचे अग्निशमन दलही होते. १९३५ साली तिथून दैनिक सुरू झाले, १९३८ साली रेडिओचे प्रक्षेपण झाले. मासिकाच्या प्रती कित्येक लाखांत खपू लागल्या. स्वतः फादर मात्र ठिगळ लावलेल्या झग्यात वावरत.

१९३० साली ते काही ब्रदरांना घेऊन जपानला गेले. नागासाकीला उतरल्यावर महिनाभरातच त्यांनी जपानी भाषेतील मासिक छापून बाहेर काढले. शहराबाहेर, डोंगराच्या पलीकडच्या उतारावर त्यांनी मठ बांधला. जागेची निवड चुकली असे अनेकांना वाटले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तेव्हा मधल्या डोंगरामुळे तो मठ वाचला. १९३२ साली फादर आपल्या भारतातही येऊन गेले. केरळमधील एर्नाकुलम येथे असेच काम उभारण्याची त्यांची इच्छा होती, पण ती प्रत्यक्षात उतरली नाही. १९३६ साली ते पोलंडला परत आले आणि निएपोकालानुवचे मठाधिपती झाले.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. निएपोकालानुवच्या दैनिकात ज्यू लोकांविषयी द्वेषाचे लेख छापले गेले. फादरांच्या स्वतःच्या काही लेखनातही ज्यू आणि फ्रीमेसन यांच्या कटकारस्थानाच्या, त्या काळी युरोपात पसरलेल्या खोट्या कल्पना आढळतात. १९८२ साली त्यांना संतपद देण्यात आले त्या सुमारास याची चर्चा झाली आणि ती होणे रास्तच होते. संत हा जन्मापासून निर्दोष असतो असे ख्रिस्तसभा सांगत नाही. ज्या पूर्वग्रहांच्या हवेत सारा समाज श्वास घेत होता तिथेच हा धर्मगुरूही वाढला. त्याचे दार कुणासाठी उघडले गेले, हे पुढच्या हिवाळ्यांत दिसले.

दार उघडले गेले

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा घुसल्या. देश पुन्हा दोघांनी वाटून घेतला. पूर्वेकडच्या लाखो लोकांना सोव्हिएत सत्तेने सायबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केले. त्यांतल्याच काही हजारांना पुढे १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे आसरा मिळाला, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. पश्चिमेकडे जर्मनांनी शिक्षक, वकील, लेखक, धर्मगुरू यांना वेचून पकडायला सुरुवात केली. समाजाला डोके उरू नये, असा त्यामागचा बेत होता.

१९ सप्टेंबर रोजी फादर कोल्बे आणि मठातील काही ब्रदर यांना अटक झाली. ८ डिसेंबरला, निष्कलंक मातेच्या सणाच्या दिवशी, त्यांची सुटका झाली. परत येऊन पाहतात तो मठ लुटला गेला होता. त्यांनी खोल्या झाडून घेतल्या आणि निर्वासितांना आत घेतले. पोझनान भागातून हाकलून दिलेले सुमारे तीन हजार लोक तिथे येऊन राहिले. त्यांत ज्यू मोठ्या संख्येने होते. ज्या छापखान्याने त्यांच्याविषयी कडवट मजकूर छापला होता, त्याच मठाने त्यांना अन्न, कपडे आणि निवारा दिला.

फादरांचे आडनाव जर्मन वळणाचे होते. जर्मन वंशाच्या यादीत नाव घातले असते तर त्यांना संरक्षण मिळाले असते. त्यांनी नकार दिला. १७ फेब्रुवारी १९४१ रोजी गेस्टापोने त्यांना चार सहकारी धर्मगुरूंसह पकडून वॉर्साच्या पाविआक तुरुंगात टाकले. २८ मे रोजी त्यांची रवानगी ऑशविट्झला झाली. तिथे माणसाला नाव नसे. त्यांना १६६७० हा क्रमांक मिळाला.

क्षयाने पोखरलेल्या देहाला ओंडके वाहायला लावले गेले. ओझ्याखाली कोसळले म्हणून त्यांना बेदम मारले आणि मेले समजून टाकून दिले. सोबत्यांनी त्यांना छावणीच्या इस्पितळात पोचवले. रात्री कैदी त्यांच्याकडे पापनिवेदनासाठी सरपटत येत. आपल्या वाट्याचा भाकरीचा तुकडा ते दुसऱ्याला देत. १५ जूनला त्यांनी आईला पत्र लिहिले. आपण ठीक आहोत, काळजी करू नये, आणि पुढील पत्र येईपर्यंत उत्तर पाठवू नये, एवढाच मजकूर. ते त्यांचे शेवटचे पत्र ठरले.

तळघरातील दोन आठवडे

जुलै १९४१ च्या अखेरीस १४ क्रमांकाच्या बराकीतील एक कैदी बेपत्ता झाला. एक पळाला तर बराकीतील दहा जणांना उपाशी ठेवून मारायचे, असा त्या उन्हाळ्यात छावणीचा शिरस्ता होता. उपनायक कार्ल फ्रिच रांगेसमोरून फिरला आणि बोटाने दहा जण निवडले. त्यांतला एक फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक, पोलिश सैन्यातील सार्जंट. बायको आणि मुले आता आपल्याला दिसणार नाहीत या विचाराने तो मोठ्याने रडू लागला.

तेवढ्यात रांगेतून एक माणूस बाहेर आला. रांग मोडणाऱ्याला जागीच गोळी घातली जाई. फादर कोल्बे फ्रिचसमोर जाऊन उभे राहिले आणि त्या संसारी माणसाच्या जागी आपल्याला घ्यावे अशी विनंती त्यांनी केली. तू कोण, असे विचारल्यावर आपण कॅथलिक धर्मगुरू आहोत एवढेच त्यांनी सांगितले. फ्रिचने ही अदलाबदल मान्य केली. गायोव्हनिचेक रांगेत परतला. आभाराचा शब्द काढण्याचीही सोय नव्हती. त्याने केवळ नजरेने ते मानले.

दहा जणांना विवस्त्र करून तळघरातील कोठडीत कोंडले गेले. अन्न नाही, पाणी नाही. तिथे आत काय घडले हे आपल्याला कळले ते ब्रूनो बोर्गोव्हिएत्स या कैद्यामुळे. तो दुभाषी म्हणून तळघरात जात असे आणि मेलेल्यांची नोंद ठेवी. एरवी या कोठड्यांतून किंकाळ्या आणि शिव्याशाप ऐकू येत. या वेळी जपमाळ आणि गीते ऐकू आली, आणि शेजारच्या कोठड्यांतील कैदी त्यांत सूर मिसळू लागले, असे त्याने युद्धानंतर सांगून ठेवले. पहारेकरी दार उघडीत तेव्हा फादर गुडघ्यांवर किंवा उभे असत. दोन आठवड्यांनी चौघे जिवंत उरले. कोठडी रिकामी हवी होती. १४ ऑगस्ट रोजी त्यांना कार्बोलिक ॲसिडचे इंजेक्शन देण्यात आले. फादरांनी आपला हात स्वतःहून पुढे केला. वय ४७ वर्षे. १५ ऑगस्टला, स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, त्यांचा देह छावणीच्या भट्टीत जाळला गेला. कबर नाही, अस्थी नाहीत. युद्धाच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी दाढी उतरवली तेव्हा मठातील ब्रदरांनी ती गुपचूप जपून ठेवली होती. आज त्यांचा पवित्र अवशेष म्हणून तेवढेच केस आहेत.

छावणीत असे करणारे ते एकटेच होते का? नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मारियान बात्को नावाच्या पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाने एका तरुण कैद्याच्या जागी स्वतःला दिले होते आणि काही दिवसांतच तो उपासमारीने मेला. त्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे? आत्मत्याग विसरला जाऊ नये म्हणून पाहणारा, सांगणारा आणि ऐकणारा कुणीतरी असावा लागतो.

जे मागे राहिले

आता ज्याच्यासाठी हे घडले त्याच्याकडे वळू या. गायोव्हनिचेक यांना पुढे साक्सनहाउझेन छावणीत नेले गेले. पाच वर्षांहून अधिक कैद भोगून १९४५ साली ते सुटले. घरी परतले तेव्हा पत्नी हेलेना भेटली, पण मुले भेटली नाहीत. युद्ध संपता संपता झालेल्या बॉम्बहल्ल्यात दोन्ही मुलगे मारले गेले होते. ज्या मुलांच्या आठवणीने त्या दिवशी रडू फुटले होते, ती मुलेच राहिली नाहीत. आपल्यामुळे एका धर्मगुरूचा जीव गेला, हा सल त्यांना पुष्कळ दिवस टोचत होता.

पण ते खचून बसले नाहीत. फादर मॅक्सिमिलियन यांनी काय केले हे जिवंत असेपर्यंत सांगत राहणे हेच आपले काम, असे त्यांनी ठरवले. दरवर्षी १४ ऑगस्टला ते ऑशविट्झला जात. १७ ऑक्टोबर १९७१ रोजी पोप पॉल सहावे यांनी फादरांना धन्यवादित घोषित केले, आणि १० ऑक्टोबर १९८२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संतपद दिले. दोन्ही वेळी गायोव्हनिचेक रोममध्ये हजर होते. ज्याच्या जागी संत मेला, तो माणूस त्या संताच्या सोहळ्यात उभा होता! १३ मार्च १९९५ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. निएपोकालानुवच्या दफनभूमीत ते विसावले आहेत. फादरांनी दिलेले आयुष्य त्रेपन्न वर्षांहून अधिक चालले.

त्या सोहळ्याला एक वाद होता. रक्तसाक्षी म्हणजे श्रद्धेचा द्वेष करणाऱ्याच्या हातून मेलेला. फादरांनी तर दुसऱ्याची शिक्षा स्वतःवर घेतली होती. त्यामुळे १९७१ साली त्यांना रक्तसाक्षी म्हणून घोषित केले नव्हते, आणि नंतर या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्यांचेही तेच मत पडले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी वेगळा निर्णय घेतला. माणसाला क्रमांक बनवणारी ती सगळी यंत्रणाच देवाचा आणि माणसाचा द्वेष करणारी होती, अशी ही दृष्टी. त्या दिवशी पोप महोदय लाल वस्त्रे घालून वेदीवर आले. लहानग्या राजमुंडने मागितलेला दुसरा मुकुट त्याला मिळाला.

आणि तो पळालेला? झानुसी यांच्या चित्रपटातील यान हे पात्र कल्पित आहे. त्याची भूमिका क्रिस्टोफ वाल्ट्झ या ऑस्ट्रियन नटाने केली. या नटाला पुढे दोनदा ऑस्कर पारितोषिक मिळाले. फादर कोल्बे यांची भूमिका एडवर्ड झेन्तारा यांनी केली. यानने गुन्हा केलेला नाही. जीव वाचवण्यासाठी पळणे हे पाप नव्हे. खून त्याने केला नाही, तो छावणी चालवणाऱ्यांनी केला. हे पटूनही मन शांत होत नाही. एक अनोळखी माणूस आपल्या सुटकेची किंमत चुकवून गेला, ही आठवण त्याच्या मागोमाग चालत राहते. ती त्याला दोषी ठरवते की नवा माणूस बनवते, हे त्याच्यावर सोपवलेले आहे.

आम्हाला वाटते, या चरित्राचा खरा प्रश्न इथेच आहे. फादर कोल्बे यांच्यासारखे मरण आपल्यापैकी फारच थोड्यांच्या वाट्याला येईल. पण गायोव्हनिचेक आणि यान यांच्या जागी आपण सारेच आहोत. कुणीतरी आपल्यासाठी झिजले म्हणून आपण इथवर आलो : पोटाला चिमटा काढून शिकवणारी आई, घर चालावे म्हणून परदेशात राबणारा भाऊ, ताप अंगावर काढून मिस्सा करणारे फादर. त्यांतील कित्येकांना आभार ऐकायला मिळालेच नाहीत. आणि प्रत्येक मिस्साबलिदानात आपण ज्याची आठवण करतो, तो प्रभू येशूही आपल्या जागीच क्रुसावर गेला. ती आठवण पाठ केलेल्या शब्दांपुरती ठेवायची की आपल्या जगण्यात उतरवायची, हे आपल्या हातात आहे.

ऑशविट्झच्या तळघरातील १८ क्रमांकाची ती कोठडी आजही पाहायला मिळते. आत एक मोठी मेणबत्ती उभी आहे. पोप जॉन पॉल दुसरे १९७९ साली तिथे गेले, पोप बेनेडिक्ट सोळावे २००६ साली गेले, पोप फ्रान्सिस २०१६ साली त्या काळोखात बराच वेळ मूकपणे बसून राहिले. आपल्याला तिथवर जाणे जमेलच असे नाही. तरी येत्या १४ ऑगस्टला संध्याकाळी घरात जपमाळेच्या वेळी एक नाव अधिक घेता येईल : ज्याने आपल्यासाठी काही सोसले आणि ज्याचे आपण कधी आभार मानले नाहीत, अशा कुणाचे तरी. ती व्यक्ती हयात असेल तर दुसऱ्या दिवशी मिस्सा संपल्यावर तिच्या घरी जाऊन येऊ या.

संत मॅक्सिमिलियन कोल्बे, आमच्यासाठी विनंती करा.